घटस्फोटासाठी मध्यस्थ गाठावा की थेट वकील? (चिपळूण, दोघंही राजी)

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. मामेबहिणीसाठी विचारतोय, तिच्या संमतीनेच. ती चिपळूणला शिक्षिका, नवरा मर्चंट नेव्हीत, सासर गुहागर तालुक्यात. हिंदू पद्धतीने लग्न झालंय, नोंदणीही आहे. १४ महिने वेगळे राहतायत. मुलगा ७ वर्षांचा, तिच्याकडे असतो. वेगळं व्हायचं यावर दोघंही ठाम आहेत. मारहाण, पोलीस असलं काही नाही. अडलंय ते इतक्यावर: चिपळूणचा फ्लॅट दोघांच्या नावावर आणि त्यावर कर्ज, तिचे दागिने सासरच्या कपाटात, मुलाचा खर्च, आणि गणपती-शिमग्याला मुलगा कुणाकडे. सासऱ्यांच्या नावावर घर आणि हापूसची बाग आहे.

सासरे म्हणतात, वकील आला की भांडण वाढतं. मध्यस्थासमोर बसू, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून घेऊ आणि मोकळे होऊ. मामांचं म्हणणं, आधी चांगला वकील बघा. नवरा सध्या रजेवर आहे, पुन्हा जहाजावर जाईल. मध्यस्थ केला तर वकील लागतो का? खर्च कशात कमी? आणि स्टॅम्पवरच्या लिखाणाला किती अर्थ?

सुपारीची_वाडी
स्टॅम्पपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. दोघांनी सह्या केल्या, नोटरीने शिक्का मारला, गावच्या चार जाणत्यांनी साक्षी घातल्या तरी हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न त्याने मोडत नाही. एखाद्या समाजात रूढीने काडीमोड चालत असेल तर कलम २९(२) त्याला जागा ठेवतं, पण ती रूढी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते. बाकी सगळ्यांसाठी कोर्टाचा हुकूमनामा हाच घटस्फोट. नुसता स्टॅम्प हातात धरून उद्या कुणी दुसरं लग्न केलं तर ते लग्न रद्दबातल, शिवाय गुन्हा. सासऱ्यांना हे शांतपणे समजावून सांगा. त्यांचा हेतू वाईट असेल असं नाही, पण तो कागद त्यांच्या मुलालाही अडचणीत आणेल.

आता मुख्य प्रश्न. मध्यस्थ कुणाच्याच बाजूचा नसतो. तो निकाल देत नाही आणि तुमच्या बहिणीला 'यात तुझं नुकसान आहे' असंही सांगत नाही, सांगूच शकत नाही. दोघांचं कशावर जमतंय ते बाहेर काढून कागदावर आणणं हे त्याचं काम. वकील तुमच्या बाजूचा. मसुदा तपासणं, अर्ज लिहिणं, कोर्टात उभं राहणं ही त्याची कामं. २०२३ साली मध्यस्थी कायदा आला, त्यात मध्यस्थीतला करार हुकूमनाम्यासारखा अंमलात आणण्याची तरतूद आहे. ते वाचून काहींना वाटतं की करार झाला म्हणजे घटस्फोट झाला. तसं नाही. लग्न मोडण्याचा अधिकार कोर्टाकडेच आहे. लोकअदालतीतसुद्धा पोटगी, मुलाचा ताबा असे विषय मिटतात, घटस्फोट मिळत नाही.

तुमच्या बहिणीसाठी रस्ता कलम १३-ब चा, म्हणजे संमतीचा. अर्जाच्या आधी किमान १ वर्ष वेगळं राहणं हवं, ते झालंय. दोघं मिळून अर्ज करतात, पहिला जबाब होतो, मग ६ महिने थांबून दुसरा. अर्जाच्या तारखेपासून १८ महिन्यांच्या आत दुसरा जबाब व्हायला हवा, नाहीतर अर्ज निकामी होतो. हे ६ महिने कमी करता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर प्रकरणात सांगितलं की ही मुदत सक्तीची नाही. पण त्यासाठी कोर्ट काय पाहतं? पहिल्या जबाबाआधीच १ वर्ष आणि ६ महिने असे एकूण १८ महिने वेगळेपणाचे भरले आहेत का, मध्यस्थीचे प्रयत्न करून झाले आहेत का, आणि पोटगी, मुलगा, मालमत्ता सगळं खरोखर मिटलं आहे का. ६ महिन्यांची मुदत माफ करा असा अर्ज (माफीचा अर्ज) पहिल्या जबाबानंतर आठवड्याने देता येतो. २०२१ च्या अमित कुमार विरुद्ध सुमन बेनिवाल निकालाने या कसोट्या थोड्या सैल केल्या, तरी खालच्या कोर्टासमोर १८ महिने भरलेले असले की काम सोपं होतं.

म्हणून हिशोब असा बसतो. आज १४ महिने झालेत. घाईने अर्ज टाकलात तर माफीच्या वेळी हेच कमी पडेल. पुढचे चार महिने मध्यस्थीत घालवा, दागिने-फ्लॅट-मुलगा सगळं कागदावर पक्कं करा आणि १८ महिने भरल्यावर अर्ज दाखल करा. मध्यस्थीचा कागदही हाताशी येतो आणि मुदतही भरते. फक्त नवऱ्याची जॉइनिंगची तारीख आधी विचारून घ्या, सगळं वेळापत्रक तिच्याभोवती फिरेल.

खाडीपलीकडे
मध्यस्थीच्या खोलीत काय चालतं ते सांगते, म्हणजे ताईंना तयारीने जाता येईल.

आधी जायचं कुठे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर दाखलपूर्व मध्यस्थीचा अर्ज देता येतो. समोरच्याला नोटीस जाते. तो आला तर बैठक, नाही आला तर कागद बंद, यायची सक्ती नाही. इथली मध्यस्थी विनामूल्य असते. दुसरा मार्ग म्हणजे अर्ज कोर्टात गेल्यावर कोर्टानेच मध्यस्थाकडे पाठवणं. २०१३ मध्ये के. श्रीनिवास राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक वाद मध्यस्थीकडे पाठवा असं सांगितल्यापासून हे सर्रास होतं. तिसरा खासगी मध्यस्थ. त्याची फी बैठकीवर असते आणि दोघांनी निम्मी-निम्मी भरायची. एकाच बाजूने सगळी फी भरली की दुसऱ्याच्या मनात संशय बसतो, मग तो मध्यस्थ कितीही सरळ असो. खासगी मध्यस्थ निवडताना त्याने ४० तासांचं प्रशिक्षण घेतलंय का एवढं विचाराच.

बैठकीची रीत ठरलेली आहे. आधी दोघांना एकत्र बसवून नियम सांगतात. मग प्रत्येकाचं म्हणणं मधे न बोलता ऐकतात. मग दोघांना वेगवेगळं भेटतात, आणि खरं काम होतं ते इथेच. वेगळ्या भेटीत सांगितलेली गोष्ट तुमच्या परवानगीशिवाय समोर जात नाही. कोर्टालाही अहवाल एवढाच जातो की मिटलं किंवा मिटलं नाही. कुणी काय कबूल केलं, कुणामुळे फिसकटलं हे त्यात येत नाही. त्यामुळे फोनवर गुपचूप रेकॉर्डिंग करू नका. ते पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही, आणि उघडकीला आलं की समोरचा पुन्हा बोलायला बसत नाही.

बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे घरची माणसं. दोघांचं जवळपास ठरत आलेलं असतं, जेवणाच्या सुट्टीत बाहेर काका-आत्या भेटतात आणि दुपारी सगळं परत पहिल्यापासून. एकेकच विश्वासाचं माणूस सोबत आणा आणि त्याला बाहेरच बसवा. दुसरं आणि जास्त गंभीर: मध्यस्थ कुणाकडूनही कागद काढून घेऊ शकत नाही. तुमच्या प्रकरणात हे फार महत्त्वाचं आहे. जहाजावरच्या माणसाचा पगार करारापुरता असतो, घरी असताना बहुतेकांना काही नाही. त्यामुळे 'सध्या मला पगारच नाही' हे वाक्य खरं असूनही फसवं ठरतं. मागच्या तीन वर्षांची एनआरई (अनिवासी भारतीयाच्या) बँक खात्याची विवरणपत्रं, कंपनीचे करार आणि सीडीसीमधल्या (खलाश्याच्या नोंदपुस्तकातल्या) चढल्या-उतरल्याच्या नोंदी मागा. वर्षभराची कमाई काढून तिला १२ ने भागा, तोच त्याचा महिन्याचा पगार धरा. बागेचं तसंच. आंब्याची पट्टी (विक्रीचे पैसे) वर्षातून एकदा येते आणि फॉर्म सोळामध्ये दिसत नाही. बाग सासऱ्यांची असली तरी घर तिच्यावर चालत असेल तर नवऱ्याची राहण्या-खाण्याची सोय धरायला हवी. हे कागद तो राजीखुशीने देत असेल तर मध्यस्थी चालेल. टाळाटाळ करत असेल तर थांबा आणि वकिलाकरवी कोर्टात जा. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि खोटं प्रतिज्ञापत्र अंगाशी येतं. मध्यस्थाकडे ही ताकद नाही.

आणि जिथे मारझोड, धमक्या, पाळत असेल तिथे समेटाच्या टेबलावर बसूच नये. भेदरलेली बाई 'हो' म्हणते तेव्हा ती संमती नसते. त्या घरांसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आणि संरक्षण अधिकारी, हाच पहिला दरवाजा. तुमच्याकडे तसं नाही हे वाचून बरं वाटलं.

तेरेखोल
माझो एक प्रश्न, हयच इचारतंय. आमच्या कुडाळाक कोर्ट असा. तालुक्याच्या कोर्टात मध्यस्थी होता काय, की ओरोसाकच जावचा लागता?

खाडीपलीकडे
तेरेखोल, तालुका कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, आधी तिथे अर्ज द्या. प्रशिक्षित मध्यस्थ तालुक्याला उपलब्ध असेल तर बैठक तिथेच लावतात, नसेल तर सिंधुदुर्गनगरीला (ओरोसला) जिल्हा केंद्रात. १५१०० या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही विचारता येतं.

सातबारा_आठअ
मी फक्त फ्लॅट, दागिने आणि बागेवर लिहितो, बाकीचं वरच्यांनी व्यवस्थित सांगितलंय.

फ्लॅट. मध्यस्थीच्या कागदात 'फ्लॅट पत्नीला, कर्ज पत्नी फेडणार' असं लिहिलं म्हणजे बँक बांधली जात नाही. बँकेच्या लेखी दोघंही कर्जदार राहतात, हप्ता चुकला की दोघांचाही सिबिल खराब. म्हणून करारावर सही करण्याआधी शाखेत जाऊन विचारा की एकट्या शिक्षिकेच्या पगारावर उरलेलं कर्ज पुढे चालवाल का आणि सहकर्जदाराचं नाव कमी कराल का. बँक नाही म्हणाली तर फ्लॅट विकून कर्ज फेडून उरलेले वाटून घेणं, हाच प्रामाणिक मार्ग. बँकेचं लेखी उत्तर हातात नसताना फ्लॅटचं कलम लिहूच नका.

बँक हो म्हणाली तर नवऱ्याचा हिस्सा तिच्या नावावर करायचा कसा? बहुतेक जण 'हक्कसोडपत्र करू, नाममात्र शुल्कात होतं' म्हणतात. ती सवलत वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीला, तीही ठराविक नात्यांत. दोघांनी विकत घेतलेल्या फ्लॅटचं हक्कसोडपत्र केलं तर खरेदीखतासारखं पूर्ण मुद्रांक शुल्क लागतं. त्याऐवजी बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहती मिळकत किंवा शेतजमीन पतीने पत्नीला (किंवा उलट) बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. वर स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी लागते, ती दुय्यम निबंधकांकडे आधी विचारून घ्या. पण ही सवलत नवरा-बायको असेपर्यंतच. हुकूमनामा झाला की ती पत्नी राहत नाही आणि सवलत गेली. म्हणजे बक्षीसपत्राची नोंदणी दुसऱ्या जबाबाच्या आधी उरकायची. आणि दस्तात 'घटस्फोटाच्या बदल्यात' किंवा 'पोटगीपोटी' असे शब्द घातले की ते बक्षीस राहत नाही, मोबदला ठरतो आणि शुल्काचा प्रश्न उभा राहतो. मसुदा लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल तर एका ओळीची चूक लाखाच्या घरात जाते. वकिलाची फी वाचवू नये ती जागा हीच.

काही जण म्हणतात हुकूमनाम्यातच फ्लॅट लिहून घेतो, नोंदणी कशाला. घटस्फोटाच्या अर्जाचा विषय नसलेली स्थावर मिळकत तडजोडीत आली तर तेवढ्यासाठी तो हुकूमनामा नोंदवावा लागतो, नोंदणी कायद्याचं कलम १७ तसं सांगतं. न नोंदवलेल्या हुकूमनाम्यावर सोसायटी नाव लावताना अडते, आणि तेव्हा माजी नवरा जहाजावर असतो.

दागिने. 'सर्व स्त्रीधन मिळाले' असं एक वाक्य घालून सही घेतात आणि दागिने अजून सासरच्या कपाटातच असतात. असं करू नका. यादी करा: मंगळसूत्र, पाटल्या, बांगड्या, मोहनमाळ, नथ, जे असेल ते, प्रत्येकापुढे ग्रॅममध्ये वजन. लग्नाच्या अल्बममधला फोटो आणि सराफाची पावती मिळाली तर जोडा. दोघांसमोर सराफाच्या काट्यावर वजन करून ताबा घ्या आणि मगच पावतीवर सही. स्त्रीधन तिचंच आहे, सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच प्रतिभा राणी प्रकरणात हे पक्कं केलंय. ते कुणी 'देत' नाही, परत करतं. पोटगीच्या रकमेतून त्याची किंमत वजा करू देऊ नका.

बाग. सासऱ्यांच्या नावावरच्या बागेत सुनेला वाटा नाही, तो विषय टेबलावर आणून तिचं काही साधणार नाही. पण बाग वडिलोपार्जित असेल तर नातवाचा हक्क जन्माचा आहे आणि आईबापाच्या घटस्फोटाने तो जात नाही. अशा करारांत सासरचे हमखास एक ओळ घालतात: 'मुलाचा बागायतीवर कोणताही हक्क राहणार नाही.' अज्ञान (अल्पवयीन) मुलाचा स्थावर मालमत्तेतला हक्क पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही. ती ओळ काढून टाकायला लावा. बाग सासऱ्यांची स्वकष्टार्जित असेल तर ती कुणाला द्यायची ही त्यांची मर्जी. नेमकं काय आहे हे बघायला जुने फेरफार काढा, आजचा सातबारा पुरत नाही. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं सामाईक असतात, ते दिसलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

सागरगोटा
मुलाचा भाग वकिलापेक्षा मध्यस्थाकडे नक्कीच चांगला होतो, माझं ठाम मत आहे. कोर्टाच्या ठरावीक भाषेत 'वडिलांना वाजवी भेटीचा अधिकार राहील' एवढंच येतं, आणि पुढची दहा वर्षं 'वाजवी' म्हणजे काय यावर तंटा होतो.

नेमकं लिहा. खलाश्याच्या घरात दर रविवारची भेट लिहून काही उपयोग नाही. जहाजावर असताना ठरलेल्या दोन वारी व्हिडिओ कॉल (नेटवर्क नसलं तर उतरल्या बंदरातून), आणि घरी असताना सलग दिवस. मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. गणपतीत चतुर्थीपासून गौरी-विसर्जनापर्यंत एका वर्षी गुहागरला, पुढच्या वर्षी आईकडे. त्या वर्षी वडील जहाजावर असतील तर पाळी बदलते की आजीआजोबांकडे तरी मूल जाणार, तेही लिहा. आजी-आजोबांचं नातवावर प्रेम असतं, त्यांना कागदातून पूर्ण पुसून टाकू नका. शिमग्याच्या तारखा गावागणिक वेगळ्या, म्हणून 'पालखी घरी येण्याचा दिवस' असंच लिहा. मूल मुंबईहून किंवा पुण्याहून येणार असेल तर कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तारखा त्याच्या आधी कळवायच्या आणि तिकीट कुणी काढायचं हे कलमातच हवं. आणणं-पोचवणं कुणी, कुठल्या स्टेशनवर, तेही. किरकोळ वाटेल, पण भांडणं याच किरकोळीवर होतात आणि मूल प्लॅटफॉर्मवर उभं राहून ती ऐकतं.

खर्चाचा आकडा एकच ठेवू नका. शाळेची फी, बस, ट्यूशन आणि औषधपाणी वेगळं. महिन्याची रक्कम वेगळी. आणि दरवर्षी किती टक्के वाढ ते आजच. रक्कम स्थायी सूचनेने बँकेतून आपोआप जावी, जहाजावरून आठवणीने पाठवण्यावर सोडू नये. पत्नी स्वतःची पोटगी सोडू शकते, मुलाच्या वतीने त्याचा निर्वाहखर्च सोडू शकत नाही. 'यापुढे मुलासाठीही काही मागणार नाही' असं लिहिलं तरी मुलाचा हक्क राहतोच, आणि असं कलम बघून कोर्टही प्रश्न विचारतं.

सुपारीची_वाडी
खर्चाचं राहिलं होतं. स्वस्त काय असं विचारण्यापेक्षा कुठल्या कामाला कोण, हे ठरवा. आकडे आणि मुलाचं वेळापत्रक मध्यस्थाकडे. कराराचा मसुदा, बक्षीसपत्र, कोर्टातला अर्ज आणि दोन्ही तारखा वकिलाकडे. वकिलाला सांगा की वाटाघाटी झालेल्या आहेत, आता मसुदा आणि दाखल करणं एवढंच काम आहे. फी लढवायच्या दाव्यापेक्षा बरीच कमी होते. फी एकरकमी ठरवून लेखी घ्या आणि तिच्यात काय-काय आलं ते विचारा: अर्ज, दोन्ही जबाब, ६ महिने माफीचा अर्ज, हुकूमनाम्याच्या नकला. 'मिळेल त्या पोटगीतले अमुक टक्के' अशी फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, तसं कुणी म्हणालं तर उठून या. मधेच वकील बदलायचा झाला तर फी बाकी म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत, हेही २००० सालीच सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलंय.

ताई महिला असल्यामुळे उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली त्यांना विनामूल्य वकील मिळू शकतो. आणि महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगी, घटस्फोट अशा प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. हे काउंटरवर आपणहून कुणी सांगत नाही, मागावं लागतं.

एकाच वकिलाने दोघांचं वकीलपत्र घेणं संमतीच्या अर्जात चालतं. पण तो वकील सासऱ्यांच्या ओळखीचा असेल तर कराराचा मसुदा मात्र ताईंनी दुसऱ्या कुणाकडून एकदा वाचून घ्यावा. एका बैठकीची सल्ला-फी पडेल, ती द्या.

वाशिष्ठीकाठ
मनापासून आभार. बहिणीला सगळं वाचून दाखवलं. दोन शंका उरल्या. पहिल्या जबाबानंतर त्याने मन बदललं तर? आणि दुसऱ्या जबाबाच्या वेळी तो समुद्रावर असला तर?

सुपारीची_वाडी
मन बदलू शकतो. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, १९९१ च्या सुरेष्टा देवी निकालापासून हे ठरलेलं आहे. मग संमतीचा अर्ज संपतो आणि ताईंना कलम १३ खाली लढवायचा दावा करावा लागतो. तिथे 'सोडून जाणं' हे कारण घ्यायचं तर सलग २ वर्षं हवीत. म्हणून पैशांचे टप्पे असे पाडा की कुणालाच मागे फिरण्यात फायदा राहू नये. एक भाग करारावर सही होताना, एक पहिल्या जबाबाला, आणि शेवटचा डिमांड ड्राफ्टने कोर्टात जमा, तो हुकूमनाम्याच्या दिवशीच ताईंच्या हातात. दागिन्यांचा ताबा मात्र या टप्प्यांत बांधू नका, ते पहिल्याच दिवशी. फ्लॅटचं बक्षीसपत्र दुसऱ्या तारखेच्या आदल्या आठवड्यात नोंदवा. फार आधी केलं तर त्याला धाकधूक, नंतर केलं तर सवलत गेली. करारात दोघांनी कोर्टाला लेखी हमी द्यावी की अटी पाळू, म्हणजे मोडणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

समुद्राचं म्हणाल तर पहिला जबाब तो इथे असताना प्रत्यक्ष करून घ्या. दुसऱ्यासाठी व्हिडिओ कॉन्फरन्सची परवानगी मागणारा अर्ज आधीच द्या. तारीख ठरवताना तो बंदरात असेल असा आठवडा पाहा, भर समुद्रात आवाज तुटला तर न्यायाधीश जबाब नोंदवणार नाहीत. सोबत भावाच्या किंवा वडिलांच्या नावे नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून ठेवलं तर कागदपत्रांची ये-जा अडत नाही, पण संमती कोर्टाला त्याच्याच तोंडून ऐकायची असते. माफीचा अर्ज मंजूर झाला तर कदाचित त्याच रजेत सगळं आटोपेल, म्हणून १८ महिने भरण्याची तारीख आणि जॉइनिंगची तारीख शेजारी-शेजारी लिहून वकिलाला द्या.

एक जोड, हा धागा पुढे कुणी वाचेल म्हणून. कुणाकडे ४९८-क ची (सासरच्या छळाची) तक्रार आधीच दाखल असेल (१ जुलै २०२४ नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) तर ती मध्यस्थाच्या किंवा खालच्या कोर्टाच्या कागदाने संपत नाही. दोघांच्या संमतीने रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची ही कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत, रायगडची मुंबईलाच. संमतीच्या करारात 'रद्द करण्यासाठी पत्नी हजर राहील आणि शपथपत्र देईल' हे कलम आणि प्रवासखर्च कुणाचा हेही असावं.

ख्रिस्ती जोडप्यांसाठी त्यांच्या घटस्फोट कायद्याच्या कलम १०-अ मध्ये वेगळं राहण्याची मुदत २ वर्षं लिहिलेली आहे. मुस्लिम जोडप्यांत मुबारत (दोघांच्या संमतीचा तलाक) लेखी होते, पण पासपोर्ट-बँकेसाठी कोर्टाकडून तशी घोषणा घेतलेली बरी. वरचे महिन्यांचे हिशोब त्यांना लावू नका.

सातबारा_आठअ
सुपारीची_वाडी यांच्या टप्प्यांना माझं पूर्ण अनुमोदन. फक्त एक: बक्षीसपत्राच्या आठवड्यात तो इथे नसणार असेल तर मुखत्यारपत्रात 'चिपळूणच्या सदनिकेतील माझा अविभक्त हिस्सा पत्नीस बक्षीस देणे व नोंदणीस हजर राहणे' असा स्पष्ट अधिकार लिहून घ्या, सदनिकेचा नंबर आणि क्षेत्रफळासकट. 'माझी सर्व कामे पाहणे' अशा मोघम मुखत्यारपत्रावर दुय्यम निबंधक बक्षीसपत्र घेणार नाहीत.